परभणीचे ऊन आणि एक पिवळी भुकटी

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण परभणीकर मोठ्या अभिमानाने सांगतात. मात्र मे महिन्यातल्या दुपारी स्टेशन रोडने चालू लागलेल्या पाहुण्याला या गावाची पहिली ओळख पटते ती उन्हामुळे. पारा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेला असतो, रस्ते ओस पडतात आणि गावातले व्यवहार सायंकाळची वाट पाहत थांबतात. मराठवाड्याने उन्हाकडे आजवर एक संकट म्हणूनच पाहिले, आणि त्यात नवल काही नाही.

रसायनशास्त्राचा अभ्यासक याच उन्हाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्याच्या लेखी ते फुकट मिळणारे इंधन आहे. हे इंधन वापरून पाण्यातील कीटकनाशकांचे अंश, रंग आणि जंतू नष्ट करता येतील का, हा प्रश्न गेली पन्नास वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत विचारला जात आहे. त्यासाठी लागणारा पदार्थ स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि आपल्या घराच्या भिंतीवरही आहे. त्याचे नाव टायटॅनियम डायऑक्साइड. अडचण एकच आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशापुढे हा पदार्थ जवळजवळ आंधळा असतो. त्याला दृष्टी देण्याच्या खटाटोपाला 'डोपिंग' म्हणतात. हा खटाटोप कितपत साधला आणि परभणीसारख्या जिल्ह्याने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

१९७२ सालातील दोन आरंभ

महाराष्ट्राच्या स्मरणात १९७२ हे साल दुष्काळाचे म्हणून कोरले गेले आहे. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ सुरू झाले त्याच उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, 'नेचर' या नियतकालिकात अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला.

या लेखाची मुळे १९६७ सालात होती. फुजिशिमा त्या वेळी टोकियो विद्यापीठात होंडा यांच्या हाताखाली संशोधन करणारे विद्यार्थी होते. पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रखर प्रकाश पाडला असता त्याच्या पृष्ठभागावरून ऑक्सिजनचे बुडबुडे येऊ लागले आणि जोडलेल्या प्लॅटिनमच्या पट्टीवर हायड्रोजन मिळू लागला. प्रकाशाने पाण्याचे विघटन झाले होते! १९७३ च्या तेलसंकटानंतर या शोधाकडे जगाचे लक्ष गेले ते हायड्रोजनच्या आशेने. १९७७ मध्ये स्टीव्हन फ्रँक आणि ॲलन बार्ड यांनी दाखवून दिले की, याच भुकटीच्या साहाय्याने पाण्यातील सायनाइडसारखे विषही प्रकाशात नष्ट करता येते. तेव्हापासून इंधनाबरोबरच पाण्याची शुद्धी हेही या विषयाचे दुसरे अंग बनले.

भिंतीवरचा पांढरा रंग

टायटॅनियम डायऑक्साइड आपल्याला अपरिचित नाही. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा येतो तो याच पदार्थामुळे. कागद, प्लॅस्टिक, टूथपेस्ट, उन्हापासून त्वचेला वाचवणारी मलमे, सगळीकडे त्याचा वापर होतो. त्याचे एक प्रमुख खनिज म्हणजे इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत ते सापडते. परभणीच्या काळ्या मातीतही टायटॅनियम आहे, कारण ही माती ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली त्यात ते असतेच. अर्थात तेथे ते लोहाशी बांधलेले असल्याने येथे सांगत असलेले काम करत नाही.

या पदार्थाची उन्हातील करामतही आपण नकळत पाहिलेली असते. जुन्या, उन्हात तापलेल्या भिंतीवरून हात फिरवला की हाताला पांढरी पूड लागते. रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड उन्हाच्या मदतीने स्वतःभोवतालच्या सेंद्रिय बंधक द्रव्याचे हळूहळू विघटन करतो, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण. रंग बनवणाऱ्यांना ही डोकेदुखी वाटते. म्हणून ते या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचे पातळ कवच चढवतात. पाणी शुद्ध करू पाहणाऱ्याला मात्र नेमकी हीच खोड हवी असते. रंग खाणारी भुकटी कीटकनाशकही खाईल, असा हा सरळ तर्क आहे.

आड आणि बारव

ही खोड येते कोठून? टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉन सर्वसाधारणपणे खालच्या ऊर्जापातळीत बांधलेले असतात. तिला संयुजा पट्टा म्हणतात. वर वहन पट्टा असतो आणि दोहोंच्या मध्ये एक मोकळी दरी असते. या दरीत इलेक्ट्रॉनला उभे राहायला जागाच नसते. इलेक्ट्रॉनला वर जायचे तर एकाच झेपेत जावे लागते.

परभणी जिल्ह्यातील वाचकांना हे पाण्याच्या भाषेत सांगता येईल. आड आणि बारव यांतला फरक आपण जाणतो. आडाला पायऱ्या नसतात. पाणी वर आणायचे तर पुरेसा लांब दोर हवाच. दोर हातभर आखूड असला, तरी पोहरा कोरडाच वर येतो. अर्ध्या लांबीचे दोन दोर वेगवेगळे सोडून उपयोग होत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड हा असा आड आहे. त्याची खोली ॲनाटेज या प्रकारात सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि रुटाइल या प्रकारात सुमारे ३.० इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रकाशाचा प्रत्येक कण म्हणजे ठरावीक लांबीचा एक दोर. ३.२ ची खोली गाठणारा दोर फक्त ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या, म्हणजे अतिनील प्रकाशाकडे असतो. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा आपल्याला दिसणारा सारा प्रकाश आखूड दोरांचा. तो कितीही प्रखर असला, तरी पाणी वर येत नाही.

पुरेसा दोर मिळाला आणि इलेक्ट्रॉन वर गेला, की खाली त्याची रिकामी जागा राहते. तिला विवर म्हणतात. हे विवर पाण्याच्या रेणूपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. हा मूलक अत्यंत भुकेला असतो. क्लोरीन किंवा ओझोनपेक्षाही त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद अधिक असते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला चिकटून आणखी एक क्रियाशील घटक तयार करतो. हे सारे मिळून सेंद्रिय रेणूंचे तुकडे करत जातात. काम पूर्ण झाले तर शेवटी उरतात ते कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि काही साधे क्षार. भुकटी स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

परंतु सूर्यप्रकाशात अतिनील भाग असतो अवघा चार ते पाच टक्के. परभणीच्या स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. त्यातले चाळीस ते पन्नास वॉटच या पांढऱ्या भुकटीच्या उपयोगाचे. दृश्य प्रकाशाचे चारशेहून अधिक वॉट तिच्यावरून नुसतेच परावर्तित होतात. ती शुभ्र दिसते ती त्यामुळेच.

विरजणाएवढी भेसळ

मग आडाची बारव करता आली तर? सेलू तालुक्यातील वालूरच्या चक्राकार बारवेसारख्या पायऱ्या या ऊर्जेच्या दरीत बांधता आल्या, तर आखूड दोरही पुरेल. डोपिंगचे तत्त्व हेच आहे. खेळाडूंच्या संदर्भात बदनाम झालेला हा शब्द पदार्थविज्ञानात मात्र सन्मानाचा आहे. शुद्ध स्फटिकात दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडेसे अणू हेतुपूर्वक मिसळायचे, एवढाच त्याचा अर्थ. पातेलेभर दुधाचा गुणधर्म चमचाभर विरजणाने बदलावा, तसा हा प्रकार. संगणकातील सिलिकॉनच्या चकत्याही अशाच भेसळीवर चालतात.

पहिले प्रयत्न धातूंचे झाले. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील मायकेल ग्रेट्झेल यांच्या गटाने क्रोमियम मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने दृश्य प्रकाशात पाण्याचे विघटन केल्याचे नोंदवले. १९९४ मध्ये अमेरिकेत चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी एकवीस धातूंच्या आयनांची ओळीने परीक्षा घेतली. अर्ध्या टक्क्यापर्यंत लोह, रुथेनियम किंवा व्हॅनेडियम मिसळल्यास भुकटीची क्रियाशीलता वाढली, तर कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमने ती घटली. म्हणजे भेसळ कोणती आणि किती, यावर सारे अवलंबून होते.

या क्षेत्राला खरी गती मिळाली ती २००१ मध्ये. टोयोटा समूहाच्या जपानमधील संशोधन केंद्रातील र्‍योजी असाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले की, ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवला तर ही भुकटी ५०० नॅनोमीटरपर्यंतच्या निळ्या प्रकाशातही काम करते. नायट्रोजनयुक्त भुकटीचा दृश्य प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद जपानमध्येच सातो यांनी १९८६ साली नोंदवला होता. पण तो त्या वेळी मागे पडला होता. नायट्रोजनची पातळी दरीच्या तळाशी, संयुजा पट्ट्याच्या किंचित वर तयार होते. ती पायरी मिळाल्याने निळा प्रकाश शोषला जातो आणि पांढरी भुकटी फिकट पिवळी होते. त्यानंतर कार्बन, गंधक, फ्लोरिन, बोरॉन अशा मूलद्रव्यांची रांगच लागली. २०११ मध्ये तर उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये तापवून या शुभ्र पदार्थाची चक्क काळी भुकटी बनवल्याचे अमेरिकेतून जाहीर झाले.

पायऱ्यांची किंमत

पिवळी भुकटी तयार झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. बारवेच्या पायऱ्यांवरून माणसे वर येतात, तशी खालीही उतरतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खालचे विवर यांची पुन्हा भेट झाली, की मिळवलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. शुद्ध भुकटीतही बहुतेक जोड्या क्षणार्धात अशाच विझतात. भेसळीचे अणू या भेटीचे नवे अड्डे ठरतात. शिवाय नायट्रोजनच्या पायरीवर अडकलेले विवर तळाच्या विवराइतके जोरकस नसते आणि त्याला सहज हिंडताही येत नाही. म्हणून या भुकटीची कार्यक्षमता निळ्या प्रकाशात अतिनील प्रकाशापेक्षा कमीच भरते. नायट्रोजन वाढवत गेल्यास रंग गडद होतो, पण काम त्या प्रमाणात वाढत नाही. उलट अनेकदा घटते.

हा सौदा समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब करू. दुपारच्या १००० वॉटपैकी अतिनील ४५ वॉट धरू. ४०० ते ५०० नॅनोमीटर या पट्ट्यात, म्हणजे पिवळ्या भुकटीला नव्याने खुल्या झालेल्या भागात, सुमारे १४० वॉट असतात. वरकरणी संपत्ती चौपट झाली. पण या नव्या प्रकाशात भुकटी एकपंचमांश कार्यक्षमतेने चालते असे मानले, तर १४० चे मोल होते २८. भेसळीमुळे अतिनील प्रकाशातील कामही निम्म्यावर आले, तर ४५ चे राहतात साडेबावीस. बेरीज पन्नास! मूळच्या ४५ पेक्षा जेमतेम अधिक. ही उदाहरणादाखल घेतलेली गुणोत्तरे आहेत. प्रत्येक भुकटीत ती वेगळी निघतात. मात्र 'दृश्य प्रकाशात चालते' आणि 'उन्हात अधिक चांगले चालते' ही दोन निराळी विधाने आहेत, हे त्यातून स्पष्ट व्हावे.

रंग उडाला, पाणी शुद्ध झाले?

या विषयावरील शोधनिबंधांत एक दृश्य पुन्हा पुन्हा भेटते. चंचुपात्रात मिथिलीन ब्लू या रंगाचे निळे द्रावण, त्यात चिमूटभर भुकटी, वर दिवा. तासाभरात निळा रंग उडतो आणि उत्प्रेरक यशस्वी ठरतो. प्रयोग सोपा आहे, स्वस्त आहे आणि डोळ्यांना पटणारा आहे. मात्र तो फसवाही आहे.

रंग हा मुळात प्रकाश शोषणारा पदार्थ. दृश्य प्रकाशात तो स्वतःच उत्तेजित होतो आणि आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन स्वतःच मोडतो. अशा वेळी काम भुकटीच्या 'दृष्टी'मुळे झालेले नसते. जपानमधील बुन्शो ओतानी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा मांडून, दृश्य प्रकाशातील उत्प्रेरकाची परीक्षा मिथिलीन ब्लूवर घेणे योग्य नाही, असे सप्रमाण दाखवले. त्यात आणखी दोन शक्यता असतात. रंग नुसताच भुकटीच्या पृष्ठभागावर चिकटून बसलेला असू शकतो, किंवा त्याचा रंगीत भाग तेवढा तुटून बाकीचा, कदाचित अधिक घातक रेणू पाण्यातच राहिलेला असू शकतो. पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्याजोगे असते, असे आपल्या घरातली वडीलधारी माणसेही मानत नाहीत.

म्हणून अशा कोणत्याही दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. रंगहीन पदार्थावर, उदाहरणार्थ फिनॉलवर किंवा प्रत्यक्ष कीटकनाशकावर चाचणी झाली का? दिव्यातील अतिनील किरण गाळणीने पूर्ण अडवले होते का? आणि पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन घटला, की केवळ रंग?

महाराष्ट्रातील प्रयोगशाळा

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून, म्हणजे पूर्वीच्या 'यूडीसीटी'तून, भाटखंडे, पांगारकर आणि त्यांच्या डच सहकाऱ्याने प्रकाश-उत्प्रेरणाच्या पर्यावरणीय उपयोगांवर या शतकाच्या आरंभी लिहिलेला आढावा जगभर वाचला गेला. त्याच संस्थेतील पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये सांडपाणी शुद्धीकरणाच्या ऑक्सिडीकरण पद्धतींची चिकित्सा करताना प्रयोगशाळा आणि कारखाना यांतल्या अंतरावर नेमके बोट ठेवले. पुण्याच्या 'सी-मेट' या संस्थेत हायड्रोजन सल्फाइडसारख्या विषारी वायूपासून सूर्यप्रकाशात हायड्रोजन मिळवण्याचे काम झाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील हेगडे आणि माद्रस यांच्या गटाने ज्वलनपद्धतीने बनवलेल्या सूक्ष्म कणांची रंगद्रव्यांवरील सौर-क्रिया २००४ च्या सुमारास दाखवली.

मराठवाड्यातील महाविद्यालयांनाही या विषयात शिरणे कठीण नाही. टायटॅनियमचे एखादे सेंद्रिय संयुग, नायट्रोजनसाठी युरिया, चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापणारी भट्टी आणि एक वर्णपटमापक एवढ्या सामग्रीवर पिवळी भुकटी बनवून तपासता येते. शेतकऱ्याच्या घरातला युरिया अर्धवाहकाच्या कामी येतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवडावी अशीच आहे. मात्र साधने थोडी असली म्हणजे मिथिलीन ब्लूचा मोह अधिक होतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

बोअरच्या पाण्याची कसोटी

आता परभणीकडे वळू. हा जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. फवारणीचे पंप धुतलेले पाणी, कीटकनाशकांचे रिकामे डबे, शेतातून ओढ्यात आणि ओढ्यातून गोदावरी, पूर्णा, दुधनेत जाणारे अंश ही येथली खरी चिंता. असे अंश अत्यल्प पण चिवट असतात. जिवाणूंना ते पचत नाहीत, गाळणीला ते सापडत नाहीत. प्रकाश-उत्प्रेरण नेमके अशाच विरल विषांसाठी उपयुक्त ठरू शकते, म्हणून या जिल्ह्याने त्याकडे लक्ष द्यायला हवे.

परंतु प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी वेगळे आणि बेसॉल्टच्या भेगांतून आलेले बोअरचे जड पाणी वेगळे. या पाण्यातील बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गिळून टाकतात. कीटकनाशकांपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांची भूक भागते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही. शिवाय सूक्ष्म भुकटी पाण्यातून परत काढणे हे स्वतंत्र संकट असते, आणि ती काचेवर किंवा फरशीवर लेप देऊन बसवली, तर पाण्याशी संपर्क घटून वेग मंदावतो. या पदार्थाची बारीक धूळ श्वासातून जाणे मानवाला कर्करोगकारक ठरू शकते, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केले आहे, आणि युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातील त्याचा रंग म्हणून होणारा वापर थांबवला. त्यामुळे ही भुकटी घरच्या माठात टाकण्याची वस्तू नव्हे.

स्पेनमधील अल्मेरिया हा परभणीसारखाच कडक उन्हाचा आणि शेतीचा प्रांत. तेथे कीटकनाशकांचे रिकामे डबे धुतलेले पाणी उन्हाने शुद्ध करण्याचा प्रत्यक्ष प्रकल्प या शतकाच्या पहिल्या दशकात उभा राहिला. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम निवडले नाही. लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची उन्हातील अभिक्रिया त्यांना अधिक वेगवान वाटली. ऊन तेच, प्रश्न तोच, पण साधन कामानुसार निवडलेले. टायटॅनियम डायऑक्साइडने बाजारात जम बसवला तो दुसरीकडेच: २००१ पासून विकल्या जाणाऱ्या, स्वतःच स्वच्छ होणाऱ्या खिडक्यांच्या काचा, फरश्या आणि इमारतींचे दर्शनी भाग. तेथे पातळ थर, पुष्कळ वेळ आणि थोडीशी घाण एवढेच काम असते.

पिण्याच्या पाण्यापुरते बोलायचे, तर उन्हाचा एक उपाय आजही हाताशी आहे आणि त्याला कोणतीही भुकटी लागत नाही. नितळ पाणी स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात, आणि आभाळ असल्यास दोन दिवस ठेवले, तर उन्हातील अतिनील किरण आणि उष्णता मिळून बहुतेक रोगजंतू मारतात. अडीनडीला घरगुती पातळीवर हा उपाय जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य आहे. मात्र त्याने कीटकनाशके किंवा क्षार जात नाहीत, हे विसरता कामा नये.

मग पिवळ्या भुकटीचा खटाटोप व्यर्थ ठरला का? तसे म्हणता येणार नाही. स्फटिकातील शंभरातला एखादा अणू बदलून पदार्थाच्या दृष्टीची मर्यादा सरकवता येते, हे तिने सिद्ध केले. सरकवलेल्या मर्यादेची किंमत मोजावी लागते, हेही तिनेच शिकवले. यापुढचे काम अधिक गडद भुकटी बनवण्याचे नाही, तर वर आलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा खाली पडू न देण्याचे आहे. आणि त्याची परीक्षा निळ्या रंगावर नव्हे, तर जिंतूर किंवा मानवतच्या एखाद्या बोअरच्या पाण्यावर, त्यात खरोखर सापडणाऱ्या कीटकनाशकावर व्हायला हवी. अशा परीक्षेसाठी लागणारे ऊन परभणीत मुबलक आहे, पाणीही आहे आणि शेती जाणणारे विद्यापीठही आहे. प्रश्न तेवढा योग्य विचारला गेला पाहिजे.